छोट्या हेलिकॉप्टरच्या पोटातली बॅटरी

यवतमाळ जिल्ह्यातलं महागाव तालुक्याचं फुलसावंगी हे गाव ऑगस्ट २०२१मध्ये देशभर बातम्यांत आलं. शेख इस्माईल हा वेल्डिंगचं काम करणारा, शाळा अर्ध्यावर सुटलेला तरुण तिथे स्वतःच्या हातानं एका माणसाचं हेलिकॉप्टर बांधत होता. गाव त्याला मुन्ना म्हणायचं. १० ऑगस्टच्या रात्री जमिनीवरच चाचणी सुरू असताना शेपटीकडचा पंखा तुटून मुख्य पंख्यावर आदळला आणि त्या पंख्याचा घाव त्याला बसला. तो वाचला नाही. त्याच्या धडपडीची चित्रफीत नंतर घरोघरी पाहिली गेली आणि कित्येक आईवडिलांनी हेलिकॉप्टरचं वेड लागलेल्या आपल्या मुलाला सांगितलं असेल, 'त्यापेक्षा रिमोटवालं घे.'

सल्ला चुकीचा नाही. उडण्याचं शास्त्र शिकायचं तर रिमोटवर उडणारं मॉडेल हेलिकॉप्टर ही उत्तम शाळा आहे. पण ते खेळण्याच्या दुकानातून आलं म्हणून खेळणं ठरत नाही. मुन्नाच्या यंत्रात इंजिन होतं. आजच्या बहुतेक मॉडेलांत लिथियम पॉलिमर बॅटरी असते. पात्याची भीती मुलाला पहिल्या दिवशीच कळते, बॅटरीची कुणालाच वाटत नाही. घरात ती चंदेरी वडीसारखी पडलेली असते, कधी गादीवर, कधी दप्तरात.

हेलिकॉप्टरला हीच बॅटरी का लागते? विमानाची मोटर बंद पडली तरी ते काही अंतर तरंगत येतं. हेलिकॉप्टरला हवेत नुसतं उभं राहायलाही सतत जोर लावावा लागतो. स्कूटरची जुनी शिशाची बॅटरी किलोमागे साधारण ३० ते ४० वॅट-तास ऊर्जा साठवते, तर लिथियम पॉलिमर बॅटरी दीडशेच्या पुढे जाते. शिवाय ती ही ऊर्जा फार झपाट्यानं देते. मध्यम मॉडेलात तीन सेलची, ११.१ व्होल्टची, २२०० एमएएचची बॅटरी असते. तिच्यावर '३०सी' लिहिलेलं असेल, तर ती सतत ६६ अँपिअर देऊ शकते, असा बनवणाऱ्याचा दावा असतो. घरातल्या गिझरचा सॉकेट १६ अँपिअरचा असतो. म्हणून बॅटरीच्या दोन उघड्या तारांमध्ये बोटातली अंगठी आली, तर ती क्षणात लाल होते आणि बोटाला सगळीकडून भाजते. हे काम करताना अंगठी आणि कडं काढून ठेवावं.

बॅटरीच्या आत धातूचे पातळ पत्रे, त्यांच्यावरचे लेप आणि मधे प्लास्टिकचा एक अतिशय बारीक पडदा असतो. हे सगळं ज्या द्रवात भिजलेलं असतं, तो पेट घेणारा असतो. बाहेरून पोलादी डबा नाही, नुसतं मऊ पाकीट. वजन वाचवण्यासाठी ही किंमत मोजलेली आहे. हेलिकॉप्टर आपटलं, बॅटरीला टोक लागलं किंवा ती मर्यादेबाहेर चार्ज झाली, तर तो पडदा फाटतो, दोन बाजू एकमेकींना भिडतात, उष्णता वाढते आणि त्या उष्णतेनं पुढची रासायनिक क्रिया आणखी वेग घेते. एक सेल पेटला की शेजारचा पेटतो. आधी पांढरा धूर, मग जोरदार ज्वाळा, आणि त्या दोन्हींत कधी काही सेकंदांचंच अंतर असतं.

तीन आकडे घरातल्या मोठ्यांनी लक्षात ठेवावेत. एका सेलला ४.२ व्होल्टच्या वर चार्ज करायचं नाही, ३ व्होल्टच्या खाली उतरू द्यायचं नाही आणि आठवडाभर ठेवून द्यायची असेल, तर ३.८ व्होल्टच्या आसपास, म्हणजे अर्धवट भरलेली ठेवायची. पूर्ण भरून कपाटात ठेवलेली बॅटरी लवकर खराब होते. चार्जर प्रत्येक सेलकडे वेगळं लक्ष देणारा, 'बॅलन्स' करणारा हवा आणि त्यावर लिथियम पॉलिमरचाच पर्याय निवडलेला हवा. आपल्याकडे जुगाडाचं कौतुक फार. बारा व्होल्टचा कुठलातरी अडॅप्टर, दोन चिमटे, आणि 'होतंय की चार्ज'. इथे ते कौतुक बाजूला ठेवावं. २२०० एमएएचच्या बॅटरीला २.२ अँपिअरनं चार्ज केलं, तर तासाभराच्या आसपास लागतो. तेवढा धीर मुलाला शिकवावा.

चार्जिंग कुठे करायचं, याला फार महत्त्व आहे. रात्री झोपताना लावून ठेवायचं नाही, आणि दाराशी तर मुळीच नाही, कारण आग लागली तर बाहेर पडायची वाट तीच असते. पलंग, पडदे, गॅस सिलिंडर यांपासून दूर, ओसरीत किंवा अंगणात सावलीला, फरशीवर, मातीच्या कुंडीत ठेवून चार्ज करावं आणि कुणीतरी जागं माणूस जवळ असावं. विदर्भातल्या मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत किंवा उन्हात उभ्या गाडीत ही बॅटरी ठेवणं धोक्याचं आहे. उडवून आणल्यावर ती गरम असते. हाताला थंड लागेपर्यंत चार्जरला जोडू नये.

फुगलेल्या बॅटरीबद्दल स्वतंत्र सांगावं लागतं. आतला द्रव विघटित होऊन वायू जमतो आणि पाकीट उशीसारखं फुगतं. टाचणीनं टोचून 'हवा काढून' ती पुन्हा वापरायची कल्पना बऱ्याच जणांना सुचते. तसं केलं, तर हाताशीच आग लागू शकते. फुगलेली, चेपलेली किंवा अपघातात सापडलेली बॅटरी पुन्हा जोडायचीच नाही. वरून चांगली दिसली तरी आपटलेली बॅटरी काही वेळानं पेटू शकते, म्हणून ती लगेच घरात आणू नये. उघड्यावर वाळूच्या बादलीत ठेवून तिच्यावर नजर ठेवावी.

पेटलीच तर? घरचा मुख्य स्विच हात पोचत असेल तर बंद करा, सगळ्यांना बाहेर काढा. लिथियम म्हटलं की पाणी घालायचं नाही, असं शाळेतल्या रसायनशास्त्रामुळे अनेकांना वाटतं. या बॅटरीत लिथियम मुख्यतः संयुगांच्या रूपात असतं, शुद्ध धातूच्या गोळ्यासारखं नसतं. वीज तोडलेली असेल, तर भरपूर पाणी आग पसरू न देण्यासाठी आणि बॅटरी थंड करण्यासाठी उपयोगी पडतं. वाळू ज्वाळा दाबते, पण उष्णता कमी करत नाही, त्यामुळे विझलेली बॅटरी पुन्हा पेटू शकते.

धुराकडे मात्र लोक दुर्लक्ष करतात. या बॅटरीतल्या क्षारात फ्लोरिन असतं. उष्णता आणि ओलावा मिळाला की त्यातून हायड्रोजन फ्लोराइड तयार होतो, आणि तो डोळे, घसा, फुप्फुसं यांना इजा करतो. बंद खोलीत धूर श्वासात गेला असेल, तर सुरुवातीला नुसता खोकला असतो आणि काही तासांनी दम लागू शकतो. म्हणून 'आता बरं वाटतंय' म्हणून घरी बसू नका. दवाखान्यात गेल्यावर 'लिथियम बॅटरीचा धूर होता' एवढं वाक्य डॉक्टरांना जरूर सांगा. द्रव त्वचेवर उडाला असेल, तर पाण्यानं खूप वेळ धुवा. जखम दिसायला लहान आणि वेदना मात्र वाढतच चालली असेल, तर तेही सांगा. या प्रकारच्या भाजण्यावर कॅल्शियमची जेल लावतात.

साध्या भाजण्यावर वीस मिनिटं नळाचं वाहतं पाणी, बर्फ नाही. हळद, शाई आणि टूथपेस्ट लावून आलेले हात आम्ही सरकारी दवाखान्यात रोज पाहतो. तो लेप खरवडून काढताना रुग्णाला जे सोसावं लागतं, ते भाजण्यापेक्षा कमी नसतं.

आता पात्याकडे. सत्तर सेंटिमीटर व्यासाचा पंखा मिनिटाला २८०० फेरे घेत असेल, तर पात्याचं टोक ताशी साडेतीनशे किलोमीटरहून अधिक वेगानं फिरतं. २०१३मध्ये न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनच्या एका बागेत १९ वर्षांचा तरबेज खेळाडू स्वतःच्याच मॉडेल हेलिकॉप्टरचा घाव लागून मरण पावला. म्हणून रिमोट आधी चालू करायचा, बॅटरी नंतर जोडायची. काढताना आधी बॅटरी, मग रिमोट. टेबलावर मोटर तपासायची असेल, तर पाती आधी उतरवायची. डोळ्यांवर जाड चष्मा हवा. डोळ्याला लागलंच तर चोळू नका, दाबू नका, वर कागदी पेला उलटा धरून चिकटपट्टीनं बसवा आणि निघा. बोट तुटलं तर तुकडा ओलसर स्वच्छ कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत आणि ती पिशवी बर्फात ठेवा. तुकडा थेट बर्फात टाकला, तर तो जोडण्याच्या लायकीचा राहत नाही.

हे सगळं हौशी मुलांपुरतं राहिलेलं नाही. २०१७मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-मजूर दगावले. त्या आठवणीमुळे फवारणीचा ड्रोन मला हवासा वाटतो. विषाच्या तुषारांपासून माणूस दूर राहतो. नोव्हेंबर २०२३मध्ये केंद्र सरकारनं महिला बचत गटांना असे १५ हजार ड्रोन देण्याची योजना मंजूर केली. यांतल्या अनेक ड्रोनमध्ये साधारण २२ व्होल्टच्या, १६ ते २२ अँपिअर-तासांच्या बॅटऱ्या जोडीनं बसतात. त्यातल्या एकीतच मुलाच्या हेलिकॉप्टरच्या बॅटरीच्या पंधरा-वीस पट ऊर्जा असते. दिवसभर शेतात फवारायचं, तर अशा अनेक बॅटऱ्या बांधावर एकामागून एक चार्ज होणार, उन्हात, जनरेटरवर, कीटकनाशकाच्या डब्यांशेजारी. ड्रोन उडवायचं प्रशिक्षण घेणाऱ्या ताईंनी बॅटरी कुठे ठेवायची, फुगल्यावर काय करायचं आणि पेटली तर कुणाला हाक मारायची, हे प्रशिक्षकाला पहिल्याच दिवशी विचारावं. निकामी बॅटऱ्या भंगारवाल्याला किंवा कचऱ्याच्या ढिगात देऊ नयेत. २०२२च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे त्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे, तेव्हा खरेदी करतानाच दुकानदाराकडून परत घेण्याचं कबूल करून घ्यावं.