रात्रीचे एकशे ऐंशी वॅट-तास

सॅन राफेल स्वेलमध्ये पोचलो तेव्हा दुपारचे चार वाजले होते. अमेरिकेतल्या युटा राज्याचा हा मधला, उघडाबोडका भाग. इथून जाणाऱ्या आय-७० महामार्गावर ग्रीन रिव्हर ते सलायना या सुमारे ११० मैलांत एक पेट्रोल पंपसुद्धा नाही. आमचा तळ महामार्गाच्याही बऱ्याच उत्तरेला, वेज नावाच्या कड्यावर, सुमारे ६,००० फुटांवर होता. खाली सॅन राफेल नदीनं कापलेली दरी आणि वर जुनिपरची खुरटी झाडं. मोबाइलला एकही दांडी नव्हती. नवऱ्यानं तंबू उतरवायला घेतला आणि मी जागा शोधत फिरू लागले. एक जागा उत्तरेचं आकाश मोकळं असलेली हवी होती, दुसरी दक्षिणेचं ऊन झेलणारी.

उत्तर अँटेनासाठी. इंटरनेट पुरवणारे स्टारलिंकचे उपग्रह साधारण ५५० किलोमीटरवरून फिरतात, एकेक उपग्रह काही मिनिटांतच डोक्यावरून निघून जातो आणि अँटेना एकाला सोडून दुसऱ्याला धरत राहते. त्यामुळे तिला आकाशाचा मोठा तुकडा लागतो आणि इकडे तिचा कल उत्तरेकडे असतो. दक्षिण हवी ती सौर पॅनेलला. आणि आपल्याला मात्र हवी असते झाडाची सावली. तिघांची मागणी तीन दिशांना. जागा ठरवण्यात अर्धा तास गेला तरी तो द्यावा. नंतर आठवडाभर बॅटरीची काळजी करण्यापेक्षा ते बरं.

रानात जाऊन इंटरनेट कशाला, असं मित्रमंडळी विचारतात. माझं उत्तर साधं आहे. आई साताऱ्याजवळच्या आमच्या गावी एकटी राहते. ऑगस्टमध्ये तिची अँजिओप्लास्टी झाली. ऑक्टोबरमध्ये युटा आणि भारत यांच्यात साडेअकरा तासांचं अंतर असतं, म्हणजे आमची रात्र हा तिचा अख्खा दिवस. तिला काही झालं, औषधाची गोळी सापडली नाही, नुसतं करमेनासं झालं, तरी फोन येणार तो आमच्या झोपेच्या वेळी. संपर्क नसता तर आम्ही या वर्षी घराबाहेर पडलोच नसतो. त्यामुळे आमच्या विजेच्या हिशेबात रात्रीचं इंटरनेट ही चैन नव्हती, पहिली गरज होती.

हिशेब करायला मी बाबांकडून शिकले. मी शाळेत होते तेव्हा गावात रोज कित्येक तास भारनियमन असायचं. घरात इन्व्हर्टर आला तो १५० एएचची मोठी बॅटरी घेऊन. बाबा महिन्यातून एकदा तिची झाकणं उघडून डिस्टिल्ड वॉटर घालायचे. इन्व्हर्टरच्या वर त्यांनी एक कागद चिकटवला होता: पंखा एक, ट्यूब एक, टीव्ही बंद. शेजारचे काका नवीन इन्व्हर्टर घ्यायचा म्हणून सल्ला विचारायला आले की बाबा म्हणायचे, "बॅटरी केवढी घेऊ हे नंतर विचारा. आधी काय काय आणि किती वेळ चालवायचंय ते लिहून आणा."

मी तेच केलं. आमच्याकडे स्टारलिंकची मिनी अँटेना आहे. ही २०२४ मध्ये आली. साधारण ३० बाय २६ सेंटिमीटर, किलोभर वजनाची, देव्हाऱ्यातल्या पाटासारखी सपाट. वाय-फाय राउटर तिच्या पोटातच असतो. कागदावर ती २५ ते ४० वॅट खाते. घरातल्या मोठ्या, नेहमीच्या अँटेनाला ७५ ते १०० वॅट लागतात. हा फरक डोळ्यांआड करून कुठलीही बॅटरी घेऊ नये, कारण दोघींच्या बॅटऱ्यांची जातच वेगळी पडते. मी मधे एक छोटा मीटर लावून आठवडाभर आकडे टिपले. काम सुरू असताना आमची मिनी सरासरी २७ वॅट घेत होती. चालू होताना काही क्षण आकडा ४० च्या वर चढे. रात्री कोणी वापरत नसतानाही तो २० च्या खाली फारसा जात नव्हता, कारण वापरणारं कोणी नसलं तरी उपग्रहांचा माग काढणं चालूच असतं. आकाशातून बर्फ पडू लागला की ती स्वतःला तापवते आणि तेव्हा भूक आणखी वाढते. ती सोय मी अ‍ॅपमधून बंद केली.

मग वहीत लिहिलं. दिवसा काम आणि संध्याकाळ मिळून साडेआठ तास अँटेना: २३० वॅट-तास. रात्री दहा ते सकाळी सात: १८०. माझा लॅपटॉप आठ तास: १४५. दोघांचे फोन आणि तंबूतला दिवा: ४५. एकूण ६००. लाइटबिलावरचं एक युनिट म्हणजे १,००० वॅट-तास. घरी आपण पाणी तापवायच्या गीझरमध्ये तेवढं सकाळच्या आंघोळींत घालवतो. इथे तेवढ्यावर दीड दिवस काढायचा होता.

बाजारात शिरलं की आकड्यांचा घोळ होतो. पॉवर बँकेवर मोठ्या अक्षरात २७,००० एमएएच लिहिलेलं असतं. पण तो आकडा आतल्या सेलच्या ३.७ व्होल्टचा असतो. गुणाकार केला की हाती जेमतेम १०० वॅट-तास येतात. विमानात विनापरवानगी नेता येणारी मर्यादाही तेवढीच, म्हणून बऱ्याच पॉवर बँका तिथेच थांबतात. तेवढ्यावर मिनी तीन तास चालते, तीसुद्धा ती बँक यूएसबी-सीमधून २० व्होल्टनं १०० वॅटपर्यंत देत असेल आणि मधली केबल ५ अ‍ॅम्पियरची असेल तरच. फोन चार्ज करणारी साधी केबल जोडली तर अँटेना चालूच होत नाही. टेकडीवर चढून दोन तास बसायचं असेल तर पॉवर बँक उत्तम. आमचं त्यावर भागणारं नव्हतं.

गाडीच्या बॅटरीवर अँटेना रात्रभर चालवायची हा पर्याय मी विचारातच घेतला नाही. सकाळी गाडी सुरू झाली नाही तर मदतीला बोलावणार कोणाला? जनरेटरही नको होता. त्या दरीत रात्री घुबडाचा आवाज पलीकडच्या कड्यावर आपटून परत ऐकू येतो. तिथे इंजिन घरघरत ठेवायला मन धजत नाही.

मे महिन्यातल्या पहिल्या खेपेला आम्ही एक जुनी लेड-अ‍ॅसिड बॅटरी नेली होती. १२ व्होल्ट, १०० एएच, उचलताना दोघांचे हात लागायचे. कागदावर १,२०० वॅट-तास, पण ही बॅटरी टिकवायची तर निम्मीच वापरावी लागते. खरा त्रास निघाला तारेचा. झाडांपासून दूर जागा मिळावी म्हणून मी १५ मीटरची लांब, बारीक तार जोडली होती. अँटेना चालू व्हायची, उपग्रह शोधायला लागायची आणि बंद पडायची. दोन मिनिटांनी पुन्हा तेच. रात्री अकराला टॉर्चच्या उजेडात मीटर लावला तेव्हा कळलं. बॅटरीपाशी १२.३ व्होल्ट होते, तारेच्या दुसऱ्या टोकाला ११ च्या आसपास. मिनीला किमान १२ लागतात. भार पडला की तारेत व्होल्ट गळायचे, अँटेना मरायची, भार गेला की व्होल्ट पुन्हा वर यायचे. गावी लांबच्या विहिरीवरची मोटर कमी दाबानं नुसती गुणगुणत राहते, तोच हा प्रकार.

यावरचा उपाय व्होल्ट वाढवणं हा आहे. तेवढेच वॅट जास्त व्होल्टनं पाठवले की तारेतून प्रवाह कमी जातो, आणि तारेतली गळती प्रवाहाच्या वर्गानं घटते. १२ ऐवजी २० व्होल्ट केले की तारेत वाया जाणारी वीज जवळपास तिसऱ्या हिश्शावर येते. या वेळी म्हणूनच नव्या बॅटरीच्या यूएसबी-सीच्या २० व्होल्टच्या भोकातून, पाच मीटरच्या जाड केबलनं जोडणी केली. पॅनेलची तार लांब ठेवली, अँटेनाची आखूड.

इन्व्हर्टर टाळण्याची गोष्टही इथेच सांगते, कारण बहुतेक जण इथेच वीज घालवतात. पॉवर स्टेशन म्हणून मिळणाऱ्या खोक्याला घरच्यासारखं एसी सॉकेट असतं. अँटेनाचा अडॅप्टर सरळ त्यात खोचावासा वाटतो. मग बॅटरीतली डीसी वीज एसी होते, अडॅप्टरमध्ये पुन्हा डीसी होते, आणि दोन्ही वेळा काही भाग उष्णता होऊन उडून जातो. शिवाय इन्व्हर्टर नुसता चालू राहण्यासाठी स्वतः खातो ते वेगळंच. घरी मैत्रिणीचं ५१२ वॅट-तासांचं खोकं आणून दोन्ही तऱ्हेनं मिनी चालवून पाहिली. एसीवर साडेअकरा तास, डीसीवर सतरा तासांच्या थोडं वर. खोकं तेच, अँटेना तीच. जास्त पैसे देऊन मोठं खोकं घेण्याआधी प्रत्येकानं एकदा हा प्रयोग करावा असं मला मनापासून वाटतं.

शेवटी घेतलं ते १,०२४ वॅट-तासांचं खोकं, लिथियम आयर्न फॉस्फेट जातीच्या सेलचं. लिथियमची दुसरी एक जात वजनाला हलकी असते. पण ही जात हजारो वेळा भरली-रिकामी केली तरी टिकते आणि पेट घ्यायला सहज तयार होत नाही. तंबूशेजारी ठेवायच्या वस्तूत मला हेच हवं होतं. या पदार्थाचा बॅटरीसाठीचा शोध १९९७ मध्ये टेक्सास विद्यापीठातून जगापुढे आला. त्या शोधनिबंधावर जॉन गुडइनफ यांच्यासोबत अक्षय पाधी आणि के. एस. नंजुंडस्वामी ही दोन भारतीय नावं आहेत. गुडइनफ यांना लिथियम बॅटरीवरच्या कामासाठी २०१९ मध्ये, ९७ व्या वर्षी, नोबेल मिळालं. पाधींचं नाव आपल्याकडे किती जणांनी ऐकलंय? ते खोकं उचलताना मला दर वेळी आठवतं.

पण १,०२४ मधून रोज ६०० गेले तर दुसरा दिवस संपत नाही. १०० वॅटचं घडीचं पॅनेल होतं. ऑक्टोबरचं ऊन तिरपं. दुपारी जमिनीवर नुसतं पसरलं तर ४५ वॅट, सूर्याकडे उभं केलं तर ६८. दिवसातून तीनदा फिरवलं की साडेतीनशे वॅट-तास मिळायचे. म्हणजे रोज अडीचशेचा खड्डा. वीस-पंचवीस किलोचं दुप्पट खोकं घ्यायचं की चार किलोचं दुसरं पॅनेल? मी पॅनेल घेतलं. मोठं खोकं थोडे दिवस जास्त पुरतं, एवढंच. पॅनेल रोज नवी वीज आणतं.

बुधवारची रात्र नीट गेली. गुरुवारी सकाळी पारा शून्याखाली तीन. पॅनेलवर कोवळं ऊन होतं आणि खोक्याच्या पडद्यावर आत येणारी वीज शून्य. मी प्लग काढून पुन्हा लावले, केबल बदलली. मग कोपऱ्यातलं थर्मामीटरचं छोटं चिन्ह दिसलं. या जातीची बॅटरी शून्याखाली वीज देते, पण घेत नाही. थंडीत भरली तर लिथियम इलेक्ट्रोडच्या आत न शिरता वरच धातूचा थर होऊन बसतं आणि सेल कायमचा बिघडतो, म्हणून आतलं रक्षक सर्किट वाट अडवतं. खोकं रात्रभर तंबूच्या दाराशी, बाहेर राहिलं होतं. ते गाडीत नेऊन उन्हाकडच्या काचेशी ठेवलं, तरी भरायला लागेपर्यंत दहा वाजले. त्या रात्रीपासून खोकं आमच्या दोघांच्या मधे, तंबूत. आईनं तिच्या जुन्या नऊवारीची शिवून दिलेली गोधडी त्याला गुंडाळली, हवा खेळायच्या जाळ्या तेवढ्या उघड्या ठेवून.

शुक्रवारी ढग आले. दोन्ही पॅनेलांनी मिळून दिवसभरात १२० वॅट-तास दिले. दुपारी थोडा वेळ ढग फाटले तर नेमकी जुनिपरची एक फांदी पॅनेलच्या कोपऱ्यावर सावली धरून होती. आतले सेल साखळीनं जोडलेले असतात, त्यामुळे हाताएवढ्या सावलीनं ६५ वॅटचे २० होतात. दोन वाजता मी साहेबांना कळवून लॅपटॉप मिटला. दुपारी अँटेनाही बंद ठेवली. कुठून काय कापायचं हे वहीत आधीच ठरलेलं होतं आणि रात्रीच्या १८० ला हात लावायचा नव्हता. रात्री दहाला पडद्यावर ४६ टक्के होते.

दीड वाजता फोन वाजला. आईकडे शनिवारी दुपारचा एक. छातीत धस्स झालं.

"झोपली होतीस का गं? काही नाही, मी बरी आहे," ती म्हणाली. "इकडे सकाळपासून लाइट गेलेत. तो इन्व्हर्टर मघापासून टिंव टिंव करतोय. बंद पडला तर तुझा फोन लागायचा नाही, म्हणून म्हटलं आत्ताच करावा. त्यात पाणी घालायचं का?"

"तू घालू नकोस. संध्याकाळी शेजारच्या पोराला बोलाव, तो बघेल. आता काय काय चालू आहे घरात?"

"पंखा. ट्यूब. हा इंटरनेटचा डबा. आणि टीव्ही."

"आई, बाबांचा कागद आहे का अजून तिथे वर?"

ती उठून गेल्याचा आवाज आला. मग टीव्हीचा आवाज थांबला. थोड्या वेळानं ते टिंव टिंवही थांबलं. माझ्या शेजारी गोधडीत ३९ टक्के होते. आम्ही अर्धा तास बोललो.