गर्दीची लोकल आणि अनंत विश्व

आजचा प्रश्न: विश्व मर्यादित आहे की अनंत, हे नुसतं ‘मी आहे’ एवढ्यावरून ठरवता येईल का?

आधी पनवेल स्टेशनवर जाऊ. समजा, सीएसएमटीकडे १० लोकल सुटल्या. दोन गाड्यांत प्रत्येकी ३००० माणसं, उरलेल्या आठांत प्रत्येकी ३००. फलाटावरून गाड्या मोजणारा म्हणेल, ‘बहुतेक गाड्या मोकळ्या होत्या.’ पण प्रवाशांना विचारा. ८४०० पैकी ६००० जण म्हणतील, ‘छे, पाय ठेवायला जागा नव्हती!’ दोघंही खरंच बोलतायत. जिथे माणसं जास्त, तिथेच ‘मी’ असण्याची शक्यता जास्त.

आता हेच विश्वाला लावून बघा. मोठ्या विश्वात आकाशाकडे बघणारे जीव जास्त असणार. मी आहे, म्हणजे विश्व मोठंच? मग अनंत विश्व तर न बघताच जिंकलं! निक बॉस्ट्रॉम या तत्त्वज्ञाने हीच गंमत दाखवली: असं असेल तर दुर्बिणी हव्यात कशाला? घरबसल्याच निकाल!

गडबड कुठे आहे? लोकलच्या उदाहरणात दहाही गाड्या खरंच धावल्या. इथे मात्र दोन कल्पनांपैकी एकच खरी आहे. नुसत्या कल्पनेतली माणसं मोजायची का, यावर तज्ज्ञांचंही एकमत नाही.

दुसरी अडचण अनंताची. गाड्या अनंत असतील तर एका भरलेल्या गाडीमागे एक मोकळी लावा, नाहीतर हजार लावा. दोन्ही प्रकारच्या गाड्या कधी संपतच नाहीत! मग ‘बहुतेक’ या शब्दालाच अर्थ उरत नाही.

आपल्या जयंत नारळीकरांचं उदाहरण घ्या. त्यांनी गुरू फ्रेड हॉइल यांच्यासोबत आरंभ-अंत नसलेल्या विश्वाची बाजू मांडली. पण तिला मोठा धक्का बसला तो आकाशातून: १९६५ मध्ये जाहीर झालेल्या सूक्ष्मलहरी प्रारणाच्या शोधाने. पुढे १९९३ मध्ये हॉइल, बर्बिज आणि नारळीकरांनी सुधारित सिद्धांत मांडला, तेव्हाही वाद निरीक्षणांवरच झाला.

म्हणून मंडळी, ‘मी आहे’ हा पुरावा आहेच. त्यावरून एवढं कळतं, की जीव जगू शकेल अशाच जागी आपण असणार. पण विश्व केवढं आहे, हे कळायला डोकं वर करून आकाशच बघावं लागतं!