दफनकुंभ
मृताचे शव अथवा अस्थी ठेवून पुरण्यासाठी वापरलेले मृत्पात्र. ईजिप्तमध्ये राजवंशपूर्व काळापासून असे कुंभ आढळतात. महाराष्ट्रात जोर्वे संस्कृतीच्या (सु. इ. स. पू. १४००–७००) वसाहतींत ते विपुल प्रमाणात मिळाले. छत्रपती संभाजीनगरच्या (औरंगाबाद) नैर्ऋत्येस प्रवरेकाठी असलेले नेवासे, त्याच नदीवरील दायमाबाद व घोड नदीवरील इनामगाव ही त्यांतील प्रमुख स्थळे होत. मृत बालकास दोन कुंभांत ठेवून ते तोंडास तोंड लावून आडवे, घराच्याच जमिनीखाली पुरीत. नेवासे येथे अशा एका बालकाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती. तीतील दोऱ्याचे अवशेषही टिकले आहेत. इनामगाव येथे कच्च्या मातीच्या चौपायी रांजणात बसविलेल्या पुरुषाचा सांगाडा सापडला.

त्रिमितीय मुद्रणाने प्रतिकृती करताना गोल कुंभाच्या उभ्या छेदाचे अर्धे रेखाचित्र मध्य अक्षाभोवती फिरविले, की आराखडा तयार होतो. चौपायी रांजणाचे मात्र सर्व बाजूंनी मापन करावे लागते. एकट्या कुंभाची प्रतिकृती घरगुती मडक्याहून वेगळी भासत नाही. कुंभांची जोडी, त्यांची आडवी मांडणी आणि वरील घराची जमीन यांसह ती दाखविली, तरच ते एका बालकाचे थडगे होते, हे पाहणाऱ्यास उमगते.