कळा सुरू झाल्या की आडवंच व्हायचं?

‘उठू नकोस गं, पडून राहा. ताकद शिल्लक ठेव, पुढे जोर लावायचाय.’ आई हे सांगते, सासू सांगते, लेबर रूममधल्या सिस्टरही सांगतात. मग ती बिचारी छताकडे बघत, उताणी पडून एकेक कळ सोसते. अहो, पण उताणं पडून ताकद वाचते हे ठरवलं कुणी?

उताणं झोपलं की भरल्या गर्भाशयाचा भार मागच्या मोठ्या रक्तवाहिन्यांवर येतो. कुणाला चक्कर येते, कुणाला मळमळतं. बाळाकडे जाणारं रक्तही कमी होऊ शकतं. तेच उभं राहून, खाटेचा कठडा धरून पुढे वाकलं, कंबर डोलवली, की बाळाचं डोकं पिशवीच्या तोंडावर नीट टेकतं. विश्वास बसत नसेल तर आकडे घ्या. 2013 साली वैद्यकीय संशोधनाचा आढावा घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेने 25 चाचण्यांमधल्या 5 हजारांहून अधिक स्त्रियांची माहिती एकत्र तपासली. उभ्या, बसत्या, फिरत्या राहिलेल्यांचा कळांचा पहिला टप्पा सरासरी 1 तास 22 मिनिटांनी लवकर आटोपला, सिझरही कमी झाली. जोखीम नसलेल्या बाळंतिणीला हिंडूफिरू द्या, असं जागतिक आरोग्य संघटना 2018 पासून स्पष्ट सांगते. प्रसूतिगृहं सुधारण्याच्या आपल्या सरकारी ‘लक्ष्य’ कार्यक्रमातही सोयीची स्थिती निवडण्याची मुभा आहे. कागदावर आहे, एवढं खरं.

चालताना बाळ पडेल? पहिलटकरणीला नुसता जोर लावायलाच दोन-तीन तास लागू शकतात. बाळ असं टपकन पडत नाही.

सलाइन लावलंय म्हणून उठता येत नाही? स्टँडला चाकं असतात.

उकिडवं बसणं गावंढळ? युरोपातही शतकानुशतकं बसून बाळंत होण्याच्या खास खुर्च्या होत्या.

उभं राहिलं की सिझर टळतेच? हाही गैरसमजच. फायदा म्हणजे हमी नव्हे. जोर लावतानाही उभ्या स्थितीत चिमटा-व्हॅक्यूमची गरज कमी पडते, पण रक्तस्राव थोडा जास्त होऊ शकतो. एपिड्युरल (पाठीतून दिलं जाणारं वेदनाशामक) घेतलेल्या पहिलटकरणींवरच्या 2017 मधल्या ब्रिटिश चाचणीत तर कुशीवर झोपलेल्यांचीच नैसर्गिक प्रसूती अधिक झाली.

आणि पाणमोट फुटलीय, डोकं अजून वरच आहे किंवा रक्त जातंय म्हणून डॉक्टर झोपायला सांगत असतील, तर मुकाट्याने झोपायचं. मात्र शक्यतो डाव्या कुशीवर.