तोतयाचे पत्र

"चोर भिंत फोडून आला तर कळतं हो! पण तो दुकानदाराचं नाव लावून पत्रच पाठवू लागला, तर आपण ओळखायचं कसं?"

शेजारच्या वहिनींनी मला हे विचारलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. आम्ही राहतो पालीला, बल्लाळेश्वराच्या गावी. वहिनी उन्हाळाभर पोह्यांचे पापड नि मिरगुंडं करतात आणि वर्षभर यात्रेकरूंना विकतात. त्या पैशांतून लेकीच्या कॉलेजची फी भरायची होती.

झालं असं, की वहिनींनी मोबाईलवरून मिक्सर मागवला. चौथ्या दिवशी ई-मेल आला. 'आपला पत्ता अपुरा असल्याने पार्सल अडकले आहे. १२ तासांत २५ रुपये भरा, अन्यथा पार्सल परत जाईल.' वर दुकानाचं बोधचिन्ह, रंगही तेच. पार्सलची वाट पाहणाऱ्या बाईला शंका कशी यावी? वहिनींनी खालच्या दुव्यावर बोट ठेवलं, कार्डाचा नंबर घातला, मागचे तीन आकडे घातले. मग बँकेचा ओटीपी आला, तोही घातला. ओटीपीच्या निरोपात रक्कम चक्क लिहिलेली होती : ९,८०० रुपये. पण नेमकी तेव्हाच कुकरची शिट्टी झाली, आणि निरोप वाचायचा राहून गेला.

आता खरी गोष्ट ऐका. वहिनी घरात कुणाशी बोलल्याच नाहीत. 'हे रागावतील, सासूबाई काय म्हणतील!' तिसऱ्या दिवशी त्यांनी त्याच ई-मेलमधल्या नंबरवर फोन केला. पलीकडचा माणूस अगदी अदबीनं म्हणाला, "ताई, पैसे परत करतो. फक्त हे एक ॲप घ्या." त्या ॲपमधून वहिनींच्या मोबाईलचा पडदा त्याला घरबसल्या दिसू लागला, आणि आणखी १४,००० गेले. तेव्हा कुठे त्या धावत माझ्याकडे आल्या. पहिला फटका चोरानं दिला, पण दुसरा बसला तो गप्प राहिल्यामुळे!

भोळ्यांनाच फसवतात?

तसं म्हणू नका. भाऊसाहेब पेशव्यांचा तोतया आठवा. पानिपतानंतर पंधरा वर्षांनी, १७७६ मध्ये, त्यानं 'मीच सदाशिवरावभाऊ' म्हणत कोकणातले किल्ले घेतले. शहाणीसुरती माणसं त्याच्या मागे गेली. शेवटी तो सापडला आपल्याच भागात, कुलाब्याच्या आंग्र्यांच्या हाती! तोतयाचं भांडवल एकच असतं : ओळखीचं नाव.

आजचे तोतयेही तेच करतात. २०२४ मध्ये टपाल खात्याच्या नावानं 'पत्ता दुरुस्त करा' असे खोटे निरोप देशभर फिरले. त्याआधी २०२२ मध्ये 'आज रात्री वीज तोडू' असे निरोप महावितरणच्या नावानं येत होते. एप्रिल २०२५ मध्ये केंद्रीय गृह मंत्रालयाच्या सायबर गुन्हे समन्वय केंद्रानं यात्रेकरूंना सावध केलं, कारण केदारनाथ, सोमनाथ अशा ठिकाणच्या निवासाच्या आणि प्रवासाच्या नावानं खोटी संकेतस्थळं निघाली होती. अष्टविनायकाला निघणाऱ्या मैत्रिणींनीही हे ध्यानात ठेवलेलं बरं.

पत्ता शेवटाकडून वाचा

आमच्या गावाचीच गंमत सांगते. पाली एक नाही. रत्नागिरीजवळ एक पाली आहे, सातारा जिल्ह्यात खंडोबाची पाली आहे. म्हणून पत्रावर नुसतं 'पाली' लिहून भागत नाही; 'तालुका सुधागड, जिल्हा रायगड' हे शेवटचे शब्द महत्त्वाचे.

संकेतस्थळाचा पत्ताही असाच वाचायचा. समजा दुकानाचं नाव 'सुगरण' आहे. खरा पत्ता 'सुगरण डॉट कॉम'. तोतया लिहील 'सुगरण डॉट भेटयोजना डॉट कॉम'. सुरुवातीला सुगरण दिसली की आपण फसतो. पण 'डॉट कॉम'च्या लगेच आधी जे नाव असतं तोच घराचा मालक! इथे तो 'भेटयोजना' आहे. पहिली तिरकी रेघ येईपर्यंतच वाचा, पुढचं कुणीही काहीही लिहू शकतो. मोबाईलवर दुव्यावर बोट दाबून धरलं, की आत दडलेला पत्ता दिसतो. ई-मेल पाठवणाऱ्याचं नावही कुणीही लिहू शकतो. त्या नावावर बोट ठेवून खरा पत्ता उघडा.

कुलपाचं चित्र दिसलं म्हणून निर्धास्त होऊ नका. मधल्या वाटेत कुणी डोकावणार नाही, एवढंच ते सांगतं. दार चोराच्या घराचं असलं, तरी त्याला कुलूप असतंच की!

बँकांच्या बाबतीत एक सोय झाली आहे. ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपले पत्ते 'डॉट बँक डॉट इन' असे करा, असं रिझर्व्ह बँकेनं बँकांना सांगितलं होतं. तेव्हा बँकेच्या पत्त्याचा शेवट जरूर पाहा.

एवढं कराच

* निरोपात घाई असेल, 'आजच', 'बारा तासांत', तर तिथेच थांबा. आधी गॅस बंद करा, मग मोबाईल हाती घ्या!
* ई-मेलमधल्या दुव्यावरून जाऊ नका. दुकानाचं ॲप स्वतः उघडा आणि 'माझ्या ऑर्डर' पाहा. पार्सल खरंच अडकलं असेल, तर तिथे दिसेलच.
* ओटीपी घालण्याआधी निरोपातली रक्कम मोठ्यानं वाचा.
* पैसे *घ्यायला* यूपीआयचा पिन कधीच लागत नाही. पिन मागितला की समजा, पैसे जाणार आहेत.
* मदतीचा नंबर ई-मेलमधून किंवा गूगलवर शोधून घेऊ नका. तो कार्डाच्या मागे छापलेला असतो.
* कुणाच्या सांगण्यावरून पडदा दाखवणारं ॲप घेऊ नका.

आणि फसलातच तर?

त्याच क्षणी १९३० हा नंबर फिरवा, बँकेला कळवा आणि कार्ड बंद करा. 'सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन' इथेही तक्रार देता येते. चोर पैसे एका खात्यातून दुसऱ्या खात्यात भराभर हलवतो. तो ते काढून घेण्याआधी निरोप पोहोचला, तर रक्कम रोखता येते. रिझर्व्ह बँकेनं २०१७ मध्ये घालून दिलेला नियमही माहीत असू द्या : आपणच ओटीपी दिला असेल, तर कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, पण बँकेला कळवल्यानंतर जे जाईल, ते बँकेचं. आपला काही दोष नसताना तिऱ्हाइतानं पैसे काढले, आणि आपण कामाच्या तीन दिवसांत कळवलं, तर आपल्याला काहीच भुर्दंड नाही. कळवल्याची पोच मात्र जपून ठेवा.

वहिनींचे १४,००० आम्ही तासाभरात कळवले, म्हणून त्यातले बरेचसे थांबले. पहिले ९,८०० काही परत आले नाहीत. भावजी रागावले का? एक दिवस घुम्यासारखे बसले खरे. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "मला आधी सांगितलं असतंस तर!" लेकीची फी सगळ्यांनी मिळून भरली.

म्हणून मैत्रिणींनो, आजच एका चिठ्ठीवर १९३० लिहा आणि फ्रीजच्या दारावर लावा. आणि घरात सांगून ठेवा, की कुणीही फसलं तरी आधी फोन करायचा. रागवारागवी नंतर, चहा पिताना.