इतिहास खोदणाऱ्या हातांची मजुरी

वस्तुसंग्रहालयात काचेच्या पेटीत ठेवलेले खापर, नाणे, हाडाची सुई आपण मुलाबाळांना हौसेने दाखवतो. खालच्या पाटीवर काळ लिहिलेला असतो, राजाचे नाव असते, कधी उत्खनन करणाऱ्या मोठ्या साहेबाचेही नाव असते. ती वस्तू चिखलातून ज्याने पहिल्यांदा उचलली, त्याचे नाव मात्र कुठेच नसते. त्याला दिवसाचे किती पैसे मिळाले, हे तर कोणी विचारतही नाही. आज आपण तेच विचारणार आहोत. त्यासाठी जावे लागेल इंग्लंडला, कारण तिथे जमिनीखालचा इतिहास खोदणे हा गेली तीस-पस्तीस वर्षे टेंडर भरून चालणारा धंदा झाला आहे.

बिल्डरने पैसे भरावेत

पूर्वी इंग्लंडमध्ये असे उत्खनन सरकारी पैशावर, विद्यापीठांच्या आणि हौशी स्वयंसेवकांच्या बळावर चाले. १९७० आणि १९८० च्या दशकांत बेकारांना काम देण्याच्या सरकारी योजनांतूनही अनेक तरुणांनी या खड्ड्यांत कुदळ चालवली. शहरे वाढत होती, नव्या इमारतींचे पाया खोल जात होते आणि जुने अवशेष रातोरात नष्ट होत होते.

१९८९ साली लंडनच्या सदर्क भागात एका कार्यालयाच्या इमारतीसाठी जमीन खोदताना शेक्सपिअरच्या काळातील ‘रोझ’ नाट्यगृहाचे अवशेष सापडले. ते वाचवण्यासाठी नामवंत नट-नट्या आणि सामान्य लोक रस्त्यावर आले. शेवटी इमारतीचा आराखडा बदलून अवशेष तिच्याखाली जपून ठेवण्यात आले. पण अशी भांडणे प्रत्येक जागेवर किती वेळा करणार? नोव्हेंबर १९९० मध्ये सरकारने नगररचना खात्यांना मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यांचा अर्थ सरळ होता. ज्याच्या बांधकामामुळे अवशेषांना धोका आहे, त्यानेच तपासणीचा आणि उत्खननाचा खर्च सोसावा. नाही तर बांधकामाची परवानगी मिळणार नाही.

हे धोरण चांगलेच होते. त्यामुळे हजारो जागांची नोंद झाली. लंडनच्या मध्यवस्तीत एका मोठ्या कंपनीच्या नव्या कार्यालयाच्या जागेवर २०१० ते २०१४ या काळात खोदकाम झाले. तिथे रोमन काळातील ४०५ लाकडी लेखनपट्ट्या मिळाल्या. एका पट्टीवर इसवी सन ५७ मधील ८ जानेवारी ही तारीख आहे. मजकूर आहे उधारीचा. गुलामीतून मुक्त झालेला एक माणूस, तसाच मुक्त झालेल्या दुसऱ्याला मालाच्या किमतीपोटी १०५ दिनार देणे लागतो, एवढेच त्यात लिहिले आहे. लंडनच्या पहिल्या पिढीत राजे आणि सेनापतीच होते असे नाही. काल-परवापर्यंत गुलाम असलेली माणसेही तिथे व्यापार करीत होती, लिहून घेत होती आणि हिशेब ठेवत होती. हे जगाला कळले ते ओल्या मातीत वाकून काम करणाऱ्यांमुळे.

टेंडरचा फास

मग खोट कुठे आहे? खोट आहे टेंडरमध्ये. बिल्डर दोन-तीन पुरातत्त्व संस्थांकडून दर मागवतो आणि बहुधा सर्वात स्वस्त दराला काम देतो. आता विचार करा. दुकानात कापड घेताना आपण पोत पाहतो, कारण ते आपल्याला अंगावर घालायचे असते. बिल्डरला इतिहास नको असतो. त्याला हवा असतो परवानगीची अट पूर्ण झाल्याचा कागद आणि रिकामी झालेली जमीन. म्हणून काम किती चांगले झाले यापेक्षा किती लवकर उरकले, याकडे त्याचे लक्ष असते. कामाच्या दर्जावर लक्ष ठेवायचे ते स्थानिक परिषदेच्या पुरातत्त्व अधिकाऱ्याने. पण २०१० नंतरच्या सरकारी काटकसरीत अशी पदेही कमी करण्यात आली.

संस्थेला दर खाली आणायचा असेल तर कात्री कुठे लागणार? यंत्राचे भाडे कमी होत नाही, डिझेल कमी होत नाही. उरते ती माणसाची मजुरी. आपल्याकडे सफाईच्या, बांधकामाच्या, पहारेकऱ्यांच्या कंत्राटात हेच घडते. ज्या घरांनी कंत्राटी नोकरी भोगली आहे, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

पदवी हातात, थापीही हातात

हे काम करणारे अडाणी नसतात. बहुतेकांकडे विद्यापीठाची पदवी असते, पुष्कळांकडे एम.ए.ची. आधी यंत्राने वरची माती काढतात, तीही दात नसलेल्या सपाट बादलीने, आणि एक जण शेजारी उभा राहून डोळ्यांत तेल घालून पाहत असतो. मग कुदळ, फावडे आणि शेवटी गवंड्याच्या थापीसारखी छोटी थापी. मातीचा रंग बदलला की थर बदलला. प्रत्येक थराला क्रमांक, प्रत्येक थराचा वेगळा कागद, मोजमाप, नकाशा, फोटो. थर एकदा खोदला की पुन्हा तसा मांडता येत नाही. म्हणून नोंद चुकली तर तो पुरावा कायमचा गेला.

आता पगाराचे पाहू. २०१२-१३ साली ब्रिटनमधील पुरातत्त्व व्यवसायाची पाहणी झाली. तेव्हा तिथल्या पुरातत्त्वज्ञाचा सरासरी वार्षिक पगार २७,८१४ पौंड होता, आणि देशातील सर्व नोकरदारांची सरासरी सुमारे ३२,७०० पौंड. या सरासरीत प्राध्यापक आणि व्यवस्थापकही धरलेले आहेत. म्हणजे खड्ड्यात उतरणाऱ्याचा पगार त्याहूनही कमी.

नोकरीची शाश्वतीही नाही. एका प्रकल्पापुरता करार, तो संपला की दुसऱ्या गावी दुसरा करार. घरापासून दूर राहायचे, दोघा-तिघांनी मिळून खोली घ्यायची, पहाटे गाडीत बसायचे. हा प्रवासाचा वेळ पगारात धरावा की नाही, यावरून वाद होत आले आहेत. वर्षानुवर्षे वाकून काम केल्याने गुडघे आणि कंबर जाते. या व्यवसायात जवळजवळ निम्म्या स्त्रिया आहेत. पण लहान मूल घरी ठेवून महिना-महिना परगावी राहणे किती जणींना जमणार?

बांधकामाला मंदी आली की पहिली कुऱ्हाड यांच्यावरच पडते. २००७-०८ मध्ये ब्रिटनमध्ये पुरातत्त्वज्ञांची संख्या ६,८६५ होती. आर्थिक संकटानंतर, २०१२-१३ मध्ये, ती ४,७९२ वर आली. पुढे लंडनमध्ये आणि लंडनबाहेर रेल्वेचे प्रचंड प्रकल्प सुरू झाले, तेव्हा माणसे मिळेनाशी झाली. २०१९ साली ब्रिटिश सरकारला पुरातत्त्वज्ञाचा व्यवसाय टंचाईच्या यादीत घालावा लागला. सर्वसाधारण समजूत अशी की माणसे कमी असली की मजुरी वाढते. पण जिथे दर टेंडरने बांधलेला असतो आणि मनापासून काम करणारे तरुण कमी पगारातही येत राहतात, तिथे ती वाढायला फार वेळ लागतो. आवडीचे काम आहे ना, मग पैशाचे काय बोलता, असे त्यांना ऐकवले जाते. आवडीवर घरभाडे भरता येत नाही.

संघटनेचा मार्ग

या कामगारांपैकी काही जण ‘प्रॉस्पेक्ट’ या कामगार संघटनेत आहेत आणि पगारासाठी संस्थांशी वाटाघाटी करतात. दुसरीकडे पुरातत्त्वज्ञांची व्यावसायिक संस्था आहे. तिची स्थापना १९८२ ची, आणि २०१४ मध्ये तिला शाही सनद मिळाली. कामाचा दर्जा काय असावा, आचारसंहिता काय असावी, हे ती ठरवते. पदाप्रमाणे किमान पगार किती असावा, याची शिफारसही ती करते. पण शिफारस म्हणजे कायदा नव्हे. दर्जाचा नियम पाळणाऱ्या संस्थेला पाळीत नसलेल्या संस्थेने टेंडरमध्ये स्वस्तात हरवले, तर नियमाचा उपयोग काय? म्हणून किमान दर सर्वांना सारखाच बंधनकारक असावा, ही मागणी तिथे पुन्हा पुन्हा होते. २००९ साली पॉल एव्हरिल या अभ्यासकाने या कामगारांवर पुस्तक लिहिले. त्याच्या नावातच त्यांना न दिसणारे खोदकामगार म्हटले आहे.

आपल्या दृष्टीने

आपल्या देशात उत्खननाचा परवाना भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण खाते देते आणि कामे मुख्यतः तेच खाते, राज्य सरकारे व विद्यापीठे करतात. संरक्षित स्मारकांच्या आजूबाजूला बांधकामाला निर्बंध आहेत. पण इतरत्र प्रत्येक बिल्डरने आधी जमीन तपासून घेतलीच पाहिजे, अशी इंग्लंडसारखी सरसकट पद्धत नाही. प्रकल्पाआधी अवशेष वाचवण्याचे आपल्याकडचे मोठे उदाहरण नागार्जुनकोंड्याचे. कृष्णा नदीवरील धरणाखाली इक्ष्वाकूंची राजधानी, तेथील विहार आणि स्तूप बुडणार होते. १९५४ ते १९६० या काळात तिथे मोठे उत्खनन झाले. काही वास्तू उचलून टेकडीवर पुन्हा उभारल्या. आज त्या टेकडीचे बेट झाले आहे आणि तिथे संग्रहालय आहे.

महामार्ग, मेट्रो, धरणे यांसाठी आपल्याकडे रोज जमीन उकरली जात आहे. उद्या इथेही बिल्डरच्या पैशाने उत्खनन करण्याची पद्धत आली तर तिचे स्वागतच करावे. पण इंग्लंडच्या अनुभवावरून दोन अटी आधीच घालाव्या लागतील. कामाचा दर्जा तपासणारा अधिकारी बिल्डरच्या पैशावर अवलंबून नसावा. आणि खोदणाऱ्याची किमान मजुरी, राहण्याची सोय, स्त्रियांसाठी स्वच्छतागृह हे टेंडरबाहेर, सर्वांना सारखे ठरलेले असावे. तिथे घमेले उचलणारी बाई आणि नोंद करणारा पदवीधर, दोघांचीही नावे अहवालात छापली जावीत. कागदाला दोन ओळी जास्त लागतील, एवढेच.

आपल्या घरातील कोणी मुलगा किंवा मुलगी पुरातत्त्व शिकू म्हणत असेल, तर त्यांना अडवू नका. फक्त पहिल्या दिवसापासून दोन गोष्टी शिकवा. थर ओळखायला शिक, आणि नेमणूकपत्रावर सही करण्यापूर्वी ते पूर्ण वाचायला शिक.