पेनड्राइव्ह जोडण्याचा अधिकार कोणाचा?

लिनक्सवर चालणाऱ्या संगणकाला पेनड्राइव्ह लावला, की पडद्यावर त्याचे चित्र उमटते. त्यावर माउसने टिचकी मारली की आतल्या फायली दिसतात. पण हेच काम 'माउंट' ही आज्ञा टाइप करून करू गेलात, तर संगणक बहुधा नकार देतो. हे काम फक्त 'रूट'चे, असे तो सांगतो. माणूस तोच, पेनड्राइव्ह तोच. मग असे का?

युनिक्स या प्रणालीचे काम अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन व डेनिस रिची यांनी १९६९ साली सुरू केले. १९९१ साली आलेले लिनक्स याच वळणाचे आहे. येथे सर्व फायलींचे मिळून एकच झाड असते. नव्या ड्राइव्हचे झाड या मूळ झाडाच्या एखाद्या फांदीवर कलम करावे लागते. यालाच माउंट करणे म्हणतात. रूट हा या प्रणालीतील सर्वाधिकारी.

कलम करण्यात धोका कोणता? प्रोग्राम सामान्यतः चालवणाऱ्याच्या अधिकाराने चालतो. परंतु त्यावर 'सेटयूआयडी' ही खूण असली, तर तो मालकाच्या अधिकाराने चालतो. समजा, एखाद्याने घरच्या संगणकावर, जेथे तो स्वतःच रूट आहे, अशी खूण केलेला रूटच्या मालकीचा प्रोग्राम पेनड्राइव्हवर ठेवला. शाळेच्या संगणकाने ती खूण खरी मानली, तर तो क्षणात तेथलाही रूट होईल! मग कोणाचाही प्रकल्प वाचा, नाही तर पुसून टाका.

म्हणून सर्वांना रूटचा पासवर्ड सांगणे हा उपाय नव्हे. प्रत्येक वेळी शिक्षकांची वाट पाहणे हेही सोयीचे नाही. कराडशेजारच्या मलकापूरचे नाव चोवीस तास पाणी देणाऱ्या नळयोजनेमुळे राज्यभर झाले. आपल्या घरची तोटी कोणीही केव्हाही सोडावी. परंतु मुख्य वाहिनीच्या व्हॉल्व्हला हात लावू नये. संगणकातही अशीच विभागणी करता येते.

जुनी पद्धत अशी. 'एफएसटॅब' या फाइलीत रूट त्या ड्राइव्हची नोंद करतो आणि पुढे 'यूझर' हा शब्द लिहितो. मग साध्या वापरणाऱ्यालाही तो ड्राइव्ह ठरलेल्या जागी जोडता येतो. आजकाल 'यूडिस्क्स' नावाची सेवा रूटच्या वतीने हे काम करते. परवानगी द्यायची की नाही, हे 'पोलकिट' ठरवते. सामान्यतः संगणकासमोर प्रत्यक्ष बसलेल्याला पेनड्राइव्ह जोडता येतो. दुरून नेटवर्कवरून आलेल्याला पासवर्ड द्यावा लागतो. आतल्या हार्डडिस्कसाठीही तसेच.

दोन्ही पद्धतींत दोन अटी आपोआप लागतात. 'नोसूइड' म्हणजे ड्राइव्हवरील सेटयूआयडी खूण मानायची नाही. 'नोडेव्ह' म्हणजे त्यावरील उपकरण-फायली निरुपयोगी समजायच्या; नाही तर अशा फाइलीच्या आडून थेट हार्डडिस्क वाचता आली असती. थोडक्यात, पाहुण्याला घरात घ्यायचे, पण त्याने आणलेले अधिकारपत्र मानायचे नाही.

आता करून पाहा. पेनड्राइव्ह जोडून टर्मिनलमध्ये नुसते 'माउंट' टाइप करा. माहिती वाचायला रूट लागत नाही. आलेल्या यादीत पेनड्राइव्हची ओळ शोधा. तिच्या कंसात हे दोन शब्द दिसतील. शेवटी पेनड्राइव्ह काढण्यापूर्वी तो अनमाउंट करायला विसरू नका. लिहिलेली माहिती काही काळ संगणकाच्या स्मृतीतच थांबलेली असते.